आधी धान्य, मग कागद

कोरोनाच्या टाळेबंदीत सरकारने गरिबांसाठी काहीच केलं नाही, ही तक्रार खरी नाही. धान्य जाहीर झालं, पैसे जाहीर झाले, आदेशांचा तर पाऊस पडला. गोदामात माल नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. केंद्राच्या साठ्यात दर १ एप्रिलला २१० लाख टन गहू-तांदूळ असावा असा निकष आहे. २०२०च्या १ एप्रिलला तो साडेपाचशे लाख टनांच्या वर होता. तरी माणसं उपाशी राहिली आणि हजार-हजार किलोमीटर चालत निघाली, कारण प्रत्येक मदतीच्या दारात एक यादी घेऊन कुणीतरी बसलेलं होतं. साथीत जो सगळ्यात आधी कोलमडतो, त्याचं नाव त्या यादीत हमखास नसतं. म्हणून पुढच्या साथीत पहिले दोन महिने समोर येऊन उभा राहील त्याला द्यायचं आणि कागदपत्रं मागाहून बघायची, असा नियम आजच करून ठेवला पाहिजे. साथ आल्यावर तो होत नाही, हे आपण पाहिलं आहे.

मागच्या खेपेला काय झालं ते योजनावार पाहू. २४ मार्च २०२०ला रात्री आठला घोषणा झाली आणि बाराच्या ठोक्याला सगळं बंद. पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबाला १ किलो डाळ फुकट, पण अन्नसुरक्षा कायद्यातल्या शिधापत्रिकेवरच. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबात बसायला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार आणि गावात ४४ हजार. त्यावर राज्यासाठी सात कोटींचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांच्या संख्येची मर्यादा, तीही २०११च्या जनगणनेवरून ठरलेली. २०२१ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे तहसीलात नव्या कार्डासाठी गेलेल्या माणसाला ‘इष्टांक संपला’ हे उत्तर साथीच्या आधीही मिळत होतं. केशरी कार्डवाल्यांना मे महिन्यापासून ८ रुपयांनी ३ किलो गहू आणि १२ रुपयांनी २ किलो तांदूळ मिळू लागला. ज्याच्याकडे कुठलंच कार्ड नाही, त्याच्यासाठी केंद्राची घोषणा झाली मेच्या मध्यावर, म्हणजे सात आठवड्यांनी. सात आठवडे काय खायचं, हा प्रश्न यंत्रणेतल्या कुणाच्याच टेबलावर नव्हता.

पैशांचीही तीच गत. बांधकाम मजुरांना दोन हजार रुपये मिळाले, पण कल्याणकारी मंडळात नोंद असलेल्यांना. नोंदीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभा राहणारा बिगारी सोमवारी एका ठेकेदाराकडे असतो, मंगळवारी दुसऱ्याकडे. दाखला देणार कोण? २०२१च्या एप्रिलमध्ये राज्याने फेरीवाले, रिक्षाचालक, घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले, तेही नोंदणीकृतांना किंवा परवानाधारकांना. आणि संजय गांधी निराधार योजनेत बसायचं, तर सर्वसाधारण अर्जदाराचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. दिवसाला ५७ रुपयांहून थोडं जास्त. एवढ्या पैशांत कुटुंब चालवून दाखवणारा माणूस निराधार म्हणण्यापेक्षा जादूगारच म्हटला पाहिजे.

आता त्या पाच किलोंकडे जरा जवळून बघा. ५ किलो धान्य म्हणजे साधारण १७ हजार उष्मांक. महिन्यावर वाटले, तर दिवसाला पावणेसहाशेच्या आसपास येतात. घरात आधीपासून रेशन येत असेल, तर हे त्यावरचं. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याचं एवढ्यात एक वेळचंही जेवण होत नाही. शिवाय दिलेला माल दाणा असतो. गहू मिळाला पण पिठाची गिरणी बंद. तांदूळ मिळाला पण खोलीत आठ जण राहणाऱ्या मजुरांकडे शेगडी नाही, कारण ते खाणावळीत जेवायचे आणि खाणावळही बंद. तेल, मीठ, तिखट यांचा या धान्य योजनांत समावेश नव्हता. म्हणून पहिले पंधरा दिवस शिजवलेलं अन्न आणि त्यानंतर शिधा, हा क्रम ठरलेला हवा. शिधा द्यायचा तो एका माणसाला पंधरा दिवसांसाठी असा: ४ किलो आटा (गहू नव्हे), २ किलो तांदूळ, १ किलो तूरडाळ, अर्धा लिटर तेल, मीठ, तिखट-हळद, साखर-चहा, दोन साबण आणि बायकांना पॅड. यातून दिवसाला एकोणीसशेच्या घरात उष्मांक मिळतात. चैन नाही, माणूस तग धरतो आणि गावाकडे पायी निघण्याचा विचार पुढे ढकलतो.

शिजवलेल्या अन्नाचा सांगाडा आपल्याकडे तयार होता, हे इथे सांगितलं पाहिजे. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२०ला सुरू झाली होती: दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, मूदभर भात. दहा रुपयांची थाळी मार्चअखेर पाच रुपयांवर आणली गेली. तिला रेशनकार्ड लागत नव्हतं, म्हणूनच ती चालली. कमी पडली ती केंद्रांच्या संख्येत आणि जागांच्या निवडीत. थाळी मिळायची स्टँडजवळ, रुग्णालयाजवळ, बाजारपेठेत. भुकेला माणूस अडकला होता एमआयडीसीच्या मागच्या चाळीत आणि रस्त्यावर पोलीस दंडुका घेऊन उभे. केरळने त्याच आठवड्यांत कुटुंबश्री या बचतगटांच्या जाळ्यातल्या बायकांना हाताशी धरून पंचायत पातळीवर सामुदायिक स्वयंपाकघरं उभी केली. तिथे अन्न माणसाकडे गेलं.

यादी चुकते ती कारकुनाच्या आळसामुळे नाही. यादीला पत्ता लागतो, आणि सगळ्यात असुरक्षित माणसाचा पत्ता ऋतूप्रमाणे बदलतो. ऊसतोड कामगारांचंच घ्या. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा एक कोयता दिवाळीच्या सुमारास बीड, नगर, जालन्याकडून निघतो आणि हंगाम संपेपर्यंत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या फडांत असतो. कार्ड बीडमध्ये, पोट कोल्हापुरात. टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम आवरत आला होता. लाखाहून जास्त माणसं कारखान्यांच्या आसपास कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, अडकून पडली. गाळप थांबलं की मजुरी थांबते, हे सगळ्यांना कळतं. वाढेही थांबतात, हे मात्र मंत्रालयात कुणाच्या लक्षात येत नाही. बैलगाडीवाल्याच्या बैलांचा चारा म्हणजे उसाचे वाढे, आणि बैल उपाशी ठेवून कुठलाही गाडीवान स्वतः जेवत नाही. आरोग्य तपासणी करून या माणसांना घरी पाठवावं, असा शासनाचा आदेश निघाला १७ एप्रिलला. तोवर तीन आठवड्यांहून जास्त काळ गेला होता. साखर कारखान्याकडे प्रत्येक टोळीची, मुकादमाची, गाडीची नोंद असते, कारण तिच्यावरच तोडणी-वाहतुकीची बिलं निघतात. ही खासगी नोंद आणीबाणीत पुरवठा विभागाकडे चोवीस तासांत आली पाहिजे, एवढी एक ओळ गाळप परवान्याच्या अटींत घातली तरी बरंच काम होईल.

पारधी, वैदू, मसणजोगी अशा पालांवर राहणाऱ्यांकडे कार्ड तर नसतंच, पण त्याआधी लागणारा रहिवासाचा पुरावाही नसतो. तृतीयपंथी माणसांच्या कागदावरचं नाव एक आणि हाकेचं नाव दुसरं. देहविक्री करणाऱ्या बायका तर पत्ता सांगायलाच घाबरतात. हे सगळे अपवाद आहेत, असं यंत्रणा मानते. अपवादांची बेरीज केली की ती एखाद्या मोठ्या शहराएवढी भरते.

गंमत अशी की कागदाविना मदत देता येते, हे याच सरकारांनी आणि न्यायालयांनी लिहून ठेवलेलं आहे. देहविक्री करणाऱ्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२०ला सांगितलं. ओळख पटवायला एड्स नियंत्रण संस्थेच्या नोंदी पुरल्या, आणि महाराष्ट्राने त्यावर महिना पाच हजार रुपयेही दिले. लसीकरणात ओळखपत्र नसलेल्यांसाठी, म्हणजे भटके, भिक्षेकरी, कैदी, मनोरुग्णालयांतले लोक यांच्यासाठी, केंद्राने ६ मे २०२१ला वेगळी कार्यपद्धती काढली. स्थलांतरित मजुरांना धान्य देताना ओळखपत्रासाठी अडवू नका, सामुदायिक स्वयंपाकघरं चालवा, ३१ जुलैपर्यंत ‘एक देश एक रेशनकार्ड’ लागू करा, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २९ जून २०२१चा. तारखा पाहा. पहिला आदेश सहा महिन्यांनी, शेवटचा पंधरा महिन्यांनी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तेच तीन आदेश एकत्र करून ‘साथ जाहीर झाल्याच्या दिवसापासून लागू’ असं लिहिलं, तर नवीन काही शोधायची गरज नाही.

कायद्याचा आधारही आहे. १८९७चा साथरोग कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगमध्ये घाईने केलेला. चार कलमांच्या त्या मूळ कायद्यात सरकारला अधिकार आहेत, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे, अधिकाऱ्यांना संरक्षण आहे. घरात कोंडलेल्या माणसाचं सरकार काय देणं लागतं, यावर अवाक्षर नाही. पण २०२०ची टाळेबंदी लागली ती २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. त्याचं १२वं कलम स्पष्ट आहे: निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, वैद्यकीय मदत आणि स्वच्छता यांचे किमान निकष राष्ट्रीय प्राधिकरणाने ठरवायचे, विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायची. १९व्या कलमात राज्यांनाही तीच जबाबदारी. टाळेबंदीच्या आदेशासोबत हे निकष आकड्यांसह जोडल्याशिवाय आदेश निघू नये, इतकी साधी मागणी आहे. आकड्यांविना काय होतं, त्याचा नमुना म्हणजे घरभाड्याचा विषय. भाडेवसुली तीन महिने लांबणीवर टाका, असं राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२०ला घरमालकांना कळवलं. सल्ला होता तो. पत्र्याच्या खोलीचं भाडं रोख घेणाऱ्या मालकाने सल्ल्याचं काय केलं असेल, ते सांगायला नको.

यादीपेक्षा जागा धरून काम केलं की काय होतं, ते धारावीत दिसलं. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर, आठ-दहा लाख माणसं, पहिला रुग्ण १ एप्रिल २०२०ला. रुग्णाने फोन करावा म्हणून थांबायचं नाही, आपण दारात जायचं, हे मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने ठरवलं. वस्तीतले खासगी डॉक्टर घरोघरच्या तपासणीत उतरले. लोक त्यांना ओळखत होते, म्हणून दारं उघडली. शाळा, मंगल कार्यालयं, क्रीडा संकुल विलगीकरणासाठी घेतलं. दहा बाय दहाच्या खोलीत ‘स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय’ ही गृहविलगीकरणाची अट म्हणजे चेष्टाच, हे तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यांत ओळखलं. मात्र धारावीची आरती करताना एक आकडा विसरू नये. जुलै २०२०च्या सर्वेक्षणात मुंबईच्या तीन विभागांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इमारतींतल्या लोकांत १६ टक्के. म्हणजे विषाणू वस्त्यांमधून केव्हाच फिरून गेला होता. धारावीचं खरं यश मृत्यू आणि भूक आवरण्यात आहे. संसर्ग रोखला, हा दावा मोठा होतो.

तो विषाणू फिरला कुठून, तर मोठा संशय सार्वजनिक शौचालयांवर आहे. स्वच्छ भारत अभियानाचा निकष ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक शौचकूप असा आहे. दाट वस्त्यांत तो कागदावरच राहतो. सकाळी सहा ते नऊ रांग, आत वारा नाही, छत बुटकं. यंत्रणेने जोर दिला फवारणीवर. बरेलीत तर ३० मार्चला परतलेल्या मजुरांच्या अंगावरच रसायनाचा फवारा मारला. १ टक्का द्रावण हवं, तर ३३ टक्के क्लोरीनची ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर लिटरभर पाण्यात घालायची, रोज ताजं करायचं (उघड्या पोत्यातली पावडर महिन्याभरात मवाळ होते), पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि चुकूनही ॲसिडशी मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. हे फरशी, कड्या, नळ यांच्यासाठी. माणसांवर कधीच नाही. श्वासातून पसरणाऱ्या रोगात याहून जास्त उपयोग होतो तो छताजवळच्या झरोक्यांचा, बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याचा आणि गल्लीनुसार ठरवून दिलेल्या वेळांचा. पंखा बसवायला वीज जोडणी लागते, ती बऱ्याच शौचालयांना नसते किंवा बिल थकल्यामुळे तोडलेली असते. साथ नसतानाच हे काम उरकून घ्यायला हवं. पाण्याचंही तसंच. पाच जणांचं कुटुंब दिवसात दहा-दहा वेळा हात धुणार, एका वेळी अर्धा लिटर, म्हणजे रोज पंचवीस लिटर जादा पाणी. जिथे हंडा विकत घ्यावा लागतो, तिथे ‘वारंवार हात धुवा’ हा फलक लावण्याआधी टँकरची फेरी वाढवावी.

विलगीकरण केंद्राला लोक का घाबरतात? तिथे गेलं की मजुरी बुडते, पोरं कुणाकडे ठेवायची कळत नाही, खोलीला कुलूप लागतं, शेजारी पुन्हा उभं करत नाहीत. म्हणून माणूस ताप लपवतो. पंधरवड्याची किमान मजुरी हातात, मागे राहिलेल्यांचा डबा घरपोच आणि मुलांसाठी ओळखीच्या बाईची सोय, या तीन गोष्टी केल्या की लपवाछपवी कमी होते. बायकांचा मजला वेगळा हवा, दाराला आतून कडी हवी, जिन्यात आणि शौचालयात रात्रभर दिवा हवा, महिला कर्मचारी हवी. पनवेलच्या केंद्रात जुलै २०२०मध्ये महिलेवर बलात्कार झाल्यावर या गोष्टींची चर्चा झाली.

लसीकरणात यादी मोबाइलमध्ये शिरली. १ मे २०२१पासून १८ ते ४४ वयोगटासाठी कोविन या सरकारी संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी सक्तीची होती. सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली २४ मेला. मधल्या काळात शहरातली चपळ बोटं गावांतल्या केंद्रांच्या वेळा बळकावून गाडीने लस घ्यायला जात होती, आणि केंद्राशेजारचा शेतमजूर बघत होता. अंथरुणाला खिळलेल्यांची लस मुंबईत घरी पोहोचायला जुलैअखेर उजाडली, तीही उच्च न्यायालयात याचिका झाल्यावर. कोरोनाखेरीजचे आजारी तर सगळ्याच याद्यांतून गळाले. देशात क्षयरुग्णांची नोंद २०१९मध्ये २४ लाख होती, २०२०मध्ये १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता, तपासणी थांबली होती. साथीची चाहूल लागताच क्षय, एचआयव्ही, मधुमेह, फीट, मानसिक आजार यांच्या रुग्णांच्या हातात दोन महिन्यांची औषधं द्यायची आणि डायलिसिसच्या रुग्णाला व सोबतच्या एका माणसाला कायमचा पास द्यायचा. अपंग व्यक्तीच्या मदतनिसालाही तसाच पास हवा; मदतनीस नाक्यावर अडला की ती व्यक्ती दिवसभर अंथरुणात राहते.

कोण कुठे आहे, हे खरोखर माहीत असतं आशाताईला. कुठल्या घरात बाळंतीण, कुठे एकटी म्हातारी, कोणत्या पालावर नवी माणसं उतरली, तिला विचारावं. सप्टेंबर २०२०च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकांनी रोज पन्नास घरं हिंडून ताप आणि ऑक्सिजन मोजला. या कामाचा मोबदला? कोविड भत्ता महिना हजार रुपये, आणि जून २०२१मध्ये सत्तर हजारांच्या आसपास आशांना संपावर जावं लागलं. ज्यांच्या वहीवर सगळी योजना उभी राहणार, त्या बाईला मानधनावर लटकवून ठेवून ‘योद्धा’ म्हणणं पुरे झालं.

एक आक्षेप नेहमी येतो: कागद न बघता दिलं, तर लोक दोनदा घेतील, खातेपिते रांगेत घुसतील. थोडे घेतीलही. पण मे महिन्याच्या उन्हात दोन तास उभं राहून जाड्याभरड्या तांदळाची पिशवी न्यायला खातापिता माणूस येत नाही; रांगच चाळणीचं काम करते. दुबार रोखायला आधार लागत नाही, शाई पुरते. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने घरी विलग केलेल्यांच्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्के मारलेच होते. तीच शाई बोटाला लावा. ती साधारण पंधरवडा टिकते, आणि शिधाही पंधरवड्याचाच आहे. वाटप झालं की नावं दुकानाबाहेर लावा, गावात चावडीवाचन करा. चोरी होते ती बहुतेक वेळा गोदाम आणि दुकान यांच्या मधल्या रस्त्यात, रांगेत उभ्या माणसाकडून नाही.

२०२१पासून असंघटित कामगारांच्या नोंदणीचं केंद्राचं ई-श्रम पोर्टल आहे, त्यावर तीस कोटींहून जास्त नोंदी आहेत, मग आता अडचण कसली, असंही विचारलं जातं. नोंद म्हणजे हक्क नव्हे. संकटात त्या नोंदीवर आपोआप काय मिळेल, हे कुठेही लिहिलेलं नाही. आणि माणसाने तीन वर्षांपूर्वी नोंदवलेला पत्ता आजचा असेल, याची खात्री कोण देणार?

८ मे २०२०ला जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या घरी जायला भुसावळच्या दिशेने रुळांवरून निघाले आणि करमाडजवळ मालगाडीखाली सोळा जण गेले. श्रमिक गाड्या आठवडाभर आधी सुरू झाल्या होत्या. त्यांत बसायलाही नाव नोंदवायचं, वैद्यकीय दाखला आणायचा आणि दोन राज्यांच्या संमतीची वाट बघायची होती.

अधिकाऱ्याच्या बाजूनेही बघितलं पाहिजे. यादीबाहेरच्या माणसाला धान्य देणाऱ्या पुरवठा निरीक्षकावर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, पगारातून वसुली लागते, निवृत्तीनंतरही चौकशी पाठ सोडत नाही. यादीतल्यांनाच देऊन बाकीच्यांना परत पाठवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. अशा हिशेबात कुठलाही शहाणा माणूस कागदच मागणार. त्यामुळे शासन निर्णयात दोन वाक्यं लागतील. साथ जाहीर झाल्यापासून साठ दिवस तहसीलदार आणि पालिकेचे सहायक आयुक्त यांनी शाई लावून केलेल्या वाटपावर वसुली निघणार नाही, आणि त्यासाठी ठरावीक रक्कम निविदेविना खर्च करता येईल. दुसरं, अन्न नाकारल्याची तक्रार आली तर खुलासा अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत लेखी द्यायचा. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दर पावसाळ्याआधी नव्याने केला जातोच. बोटी, दोर आणि पूररेषेतली गावं यांच्या पुढे शौचालयांची वीज जोडणी, स्वयंपाकघरांच्या जागा, मुकादमांचे फोन आणि आशांच्या वह्या यांची चार पानं यंदाच्या मे महिन्यात जोडता येतील.